अर्धी अँप्यूल म्हणजे किती?

रात्री अडीचला निवासी डॉक्टरचा फोन येतो. ‘सिस्टर, आठ नंबरला लॅसिक्स अर्धी देऊन टाका.’ एवढं बोलून फोन बंद होतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या सरकारी किंवा धर्मादाय रुग्णालयात ज्यांनी नाइट ड्यूटी केली आहे, त्यांना हे वाक्य ओळखीचं वाटेल. त्यात ‘आठ नंबर’ म्हणजे माणूस नाही, खाट आहे. संध्याकाळी ऑक्सिजनचा पॉइंट हवा म्हणून आठवरचे आजोबा अकरावर गेले असतील, तर आठवर आता दुसराच कुणी झोपलेला असतो. आणि ‘अर्धी’ म्हणजे अर्धी अँप्यूल. लॅसिक्सची, म्हणजे फ्युरोसेमाइडची अँप्यूल दोन मिलीची मिळते तशी चार मिलीचीही मिळते, आणि एका मिलीत औषध असतं १० मिलिग्रॅम. म्हणजे ‘अर्धी’ १० मिलिग्रॅमही होते आणि २०ही. लघवी होण्याच्या या औषधात एवढा फरक बहुतेक वेळा निभावून जातो. पंचाईत अशी की बोलण्याची ही तऱ्हा लॅसिक्सपुरती थांबत नाही.

हा फोन घेणाऱ्या मुलीला आपण काय शिकवून वॉर्डात उभं करतो, ते पाहू. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१च्या सुधारित अभ्यासक्रमात बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या सत्रात औषधशास्त्राचे २० तास आहेत आणि चौथ्या सत्रात ६०. जीएनएम आणि एएनएमचे अभ्यासक्रम वेगळे. अनेक मुली बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आलेल्या असतात, आणि औषधशास्त्राचं पुस्तक इंग्रजीत. मग पाठांतराच्या युक्त्या निघतात: शेवटी ‘ओलॉल’ आलं की बीटा ब्लॉकर, ‘प्रिल’ आलं की रक्तदाबाची एक जात, ‘सार्टन’ आलं की दुसरी. युक्त्या उपयोगी आहेत, मला त्यांचं वावडं नाही. पण परीक्षेतला प्रश्न वर्षानुवर्षं एकाच साच्याचा असतो: वर्गीकरण लिहा, क्रिया लिहा, दुष्परिणाम लिहा, परिचारिकेची जबाबदारी लिहा. ‘जबाबदारी’च्या खाली सात-आठ मुद्दे पाठ केले की गुण मिळतात. ‘डॉक्टरांनी डिगॉक्सिन लिहिलंय, तुम्ही नाडी मोजली, मिनिटाला ५४ भरली, आता काय कराल?’ असा प्रश्न क्वचितच येतो. डिगॉक्सिन देण्याआधी पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची आणि मोठ्या माणसात ती ६०च्या खाली असेल तर गोळी हातातच ठेवून डॉक्टरला कळवायचं, हे तिला माहीत असतं. पण ते उत्तरपत्रिकेत लिहिणं निराळं आणि राउंडवर चिडलेल्या सरांसमोर ‘दिली नाही’ म्हणणं निराळं. या दुसऱ्या गोष्टीला अभ्यासक्रमात तास नाहीत, आणि माझ्या मते सुरक्षित औषधोपचाराचं अर्धं शिक्षण तिथेच राहून जातं.

उरलेलं अर्धं गणितात आहे. हे गणित सातवीच्या पुस्तकातलंच, पण रात्रपाळीत करायचं.

इन्शुलिन घ्या. आपल्याकडे सरकारी पुरवठ्यातली आणि दुकानातली बहुतेक इन्शुलिनची व्हायल यू-४० असते, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. तिच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज. पेनमध्ये बसणारं कार्ट्रिज मात्र यू-१००, एका मिलीत १०० युनिट. काही नव्या इन्शुलिनच्या व्हायलही यू-१००च येतात. त्यांची सिरिंज नारिंगी टोपणाची. दोन्ही सिरिंजा बारीक, दोन्हींवर रेघा, दोन्ही एकाच ट्रेमध्ये. आता रुग्णाचं पेन आहे पण सुई संपली, म्हणून कुणी कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजनं २०च्या रेघेपर्यंत इन्शुलिन ओढलं. २०ची रेघ म्हणजे अर्धा मिली. अर्ध्या मिलीत यू-१००चे ५० युनिट आले. वीस सांगितले, पन्नास गेले, म्हणजे अडीचपट. काही तासांत रुग्ण घामानं भिजतो, बडबडतो, झोपेतच बेशुद्ध होतो, आणि नातेवाइकांना वाटतं, दमून झोप लागली. उलट चूक झाली, म्हणजे यू-४०चं इन्शुलिन नारिंगी टोपणाच्या सिरिंजनं काढलं, तर विसाच्या जागी आठच युनिट जातात आणि साखर का उतरत नाही यावर दोन दिवस चर्चा चालते. त्यात ‘युनिट’ऐवजी नुसतं इंग्रजी ‘यू’ लिहायची खोड. घाईतला तो यू शून्यासारखा दिसतो आणि १०चे १०० होतात. म्हणून युनिट हा शब्द पूर्ण लिहा, असं जगभर बजावलं जातं. तरी केस पेपरवर तो यू रोज उमटतोच.

लहान मुलांच्या वॉर्डात हेच गणित आणखी घट्ट होतं. आठ किलोचं तापलेलं मूल. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम धरलं तर १२० मिलिग्रॅम. १२० मिलिग्रॅम पाच मिलीत असलेलं सिरप हाताशी असेल, तर एक चमचा. पण पॅरासिटामॉलचे ड्रॉप्सही मिळतात, आणि त्यांच्या एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं. तिथे लागतात फक्त १.२ मिली. बाटलीवर नाव तेच, कंपनी तीच, बाळाचं चित्रही तसंच. ड्रॉप्समधून चमचाभर गेलं तर ५०० मिलिग्रॅम पोटात गेलं. एकदा असं झालं तर मूल बहुधा सावरतं. दिवसातून चार वेळा, दोन-तीन दिवस झालं तर गाठ यकृताशी आहे. डिस्चार्जच्या वेळी आईला ‘ताप आला की एक चमचा द्या’ असं सांगणारी सिस्टर कोणती बाटली डोळ्यांसमोर ठेवून बोलते आणि आईच्या घरी कोणती बाटली आहे, यातलं अंतर कुणी मोजत नाही. बाटली घेऊन या, मला दाखवा, आणि माझ्यासमोर भरून दाखवा. एवढं म्हणायला दोन मिनिटं लागतात.

सगळ्यांत जास्त धाक मात्र पोटॅशियम क्लोराइडचा हवा. दहा मिलीची अँप्यूल, १५ टक्के द्रावण, आत दीड ग्रॅम क्षार, म्हणजे साधारण २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम. दिसायला पाणीच. आपल्या रक्तात पोटॅशियम लिटरमागे साडेतीन ते पाचच्या दरम्यान राहतं आणि हृदयाची लय त्या अरुंद पट्ट्यात चालते. ही अँप्यूल सलाइनमध्ये मिसळून हळूहळू गेली तर जुलाबांनी गळालेल्या माणसाला ती उभं करते. सरळ शिरेत ढकलली तर हृदय थांबतं. अमेरिकेच्या काही राज्यांत मृत्युदंड देण्यासाठी हेच औषध वापरलं गेलं आहे. त्या देशात रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशननं १९९८ साली गंभीर चुकांवरची आपली इशारापत्रांची मालिका सुरू केली, तेव्हा पहिलंच पत्र पोटॅशियम क्लोराइडवर काढलं. त्यात दहा मृत्यूंचा अभ्यास होता. दहापैकी आठ जणांना सौम्य न केलेलं औषध थेट शिरेतून गेलं होतं, आणि त्यातल्या बहुतेकांत हातात दुसरंच औषध आहे अशी देणाऱ्याची समजूत होती. सोडियम क्लोराइड, हेपॅरिन, फ्युरोसेमाइड, यांच्याच खोक्यांशी गल्लत. त्यानंतर आलेला उपाय साधा होता: ही अँप्यूल वॉर्डातल्या कपाटातून उचला आणि फार्मसीत ठेवा.

आपल्याकडे ती अजून अनेक वॉर्डांत ट्रॉलीवर किंवा खालच्या खणात सापडते, कधी डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी. अँटिबायोटिकची पावडर विरघळवायला दहा मिली डिस्टिल्ड वॉटर लागतं आणि हात सवयीनं तिकडे जातो. एनएबीएचची मान्यता असलेल्या रुग्णालयांत अशी जोखमीची औषधं वेगळी, लाल पट्टीच्या डब्यात, कुलपाखाली ठेवायची पद्धत आली आहे. तपासणीच्या आठवड्यात ते कुलूप नीट लागतं. इतर आठवड्यांत किल्ली कुलपातच असते, असं म्हणणारे लोक कुजके नाहीत, अनुभवी आहेत.

पोटॅशियमची आणखी एक गोम आहे, जी पुस्तकात एका ओळीत उरकते आणि वॉर्डात महाग पडते. टांगलेल्या, अर्ध्या संपलेल्या बाटलीत सुईनं अँप्यूल टोचून सोडली आणि बाटली उलटसुलट करून मिसळली नाही, तर जड द्रावण खाली तोंडाशी साचतं. कागदावर ‘सलाइनमध्ये २०’ असं लिहिलेलं असतं, शिरेत मात्र पहिल्या काही मिनिटांत बरंचसं निव्वळ पोटॅशियम जातं. म्हणून बाटली खाली काढायची, औषध घालायचं, दहा वेळा उलटी-सुलटी करायची, लेबल चिकटवायचं, मग टांगायची. ताशी दहा मिलिइक्विव्हॅलंट हा साध्या वॉर्डातला धोपट वेग धरला, तर एका अँप्यूलला किमान दोन तास लागणार. पाचशे मिली दोन तासांत, आणि मिलीला २० थेंबांचा आयव्ही सेट असेल तर मिनिटाला सुमारे ८३ थेंब. सेट सूक्ष्म थेंबांचा, म्हणजे मिलीला ६०चा असेल तर सगळा हिशेब बदलला. हे सगळं जुळवून सिस्टर पुढच्या खाटेकडे वळते आणि मागे मुलगा, ‘सलाइन फारच हळू चाललंय,’ म्हणून चाकी फिरवून धार लावतो. नातेवाइकांना दम देणं सोपं आहे. ‘यात असं औषध आहे की भराभर गेलं तर वडिलांचं हृदय थांबेल’ हे एकदा नीट सांगणं जास्त उपयोगाचं.

हेपॅरिनचीही एक गोष्ट सांगून टाकतो. २००७च्या नोव्हेंबरात लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयात अभिनेता डेनिस क्वेडच्या नवजात जुळ्यांना मिलीला १० युनिटऐवजी १०,००० युनिटचं हेपॅरिन गेलं. हजारपट. बाळं वाचली. दोन्ही व्हायलच्या लेबलांवर निळ्याच छटा होत्या. आपल्याकडे पाच मिलीच्या एकाच आकाराच्या व्हायलमध्ये हेपॅरिन मिलीला १,००० युनिटचंही येतं आणि ५,००० युनिटचंही.

नावांचा गोंधळ तर आपल्या देशात कायद्याच्या पुस्तकांपर्यंत पोचला आहे. कॅडिला हेल्थकेअर आणि कॅडिला फार्मास्युटिकल्स या दोन कंपन्यांत मेंदूच्या मलेरियावरच्या औषधांच्या नावांवरून भांडण लागलं: एकाचं ‘फाल्सिगो’, दुसऱ्याचं ‘फाल्सिटॅब’. सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये त्यावर दिलेला निकाल वकिलांच्या अभ्यासाचा आहे, पण तो नर्सिंगच्या वर्गातही वाचून दाखवायला हवा. इतर मालाच्या नावांतला सारखेपणा आणि औषधांच्या नावांतला सारखेपणा एकाच मापानं मोजता येणार नाही, औषधाच्या बाबतीत कसोटी कडक हवी, असं न्यायालयानं म्हटलं. चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे म्हणून घोटाळा होणार नाही, हा बचावही टिकला नाही, कारण डॉक्टर आणि औषधविक्रेतेही चुकतात. जेनेरिक नावांतही जुळी भावंडं आहेतच. डोपामीन आणि डोब्युटामीन दोन्ही अतिदक्षता विभागातली, दोन्ही ठिबकत जाणारी, आणि दोघांचं काम वेगळं.

मग विद्यार्थिनीला शिकवलं जातं: फाइव्ह राइट्स. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. काही पुस्तकांत ते दहा होतात. माझी तक्रार अशी की कुठे पोचायचं ते यात आहे, कसं पोचायचं ते नाही. चाळीस खाटांच्या वॉर्डात रात्री एक किंवा दोन सिस्टर असताना दहाच्या औषधांना सगळ्यांना ‘योग्य वेळ’ कशी साधायची? अध्यापन रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका, हा नर्सिंग कौन्सिलचा निकष. तो प्रत्यक्षात कुठे दिसतो, हे ज्यानं त्यानं आपल्या जिल्ह्यात जाऊन पाहावं.

आणि काम चालू असताना मध्येच हाक. सिडनीच्या दोन अध्यापन रुग्णालयांत जोहाना वेस्टब्रुक आणि सहकाऱ्यांनी ९८ परिचारिकांच्या मागे उभं राहून ४,२७१ वेळा औषध देताना पाहिलं. निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. औषध देण्याच्या निम्म्याहून अधिक वेळा मध्ये कुणीतरी काही विचारलं होतं. प्रत्येक व्यत्ययाबरोबर पद्धतीतल्या त्रुटी १२.१ टक्क्यांनी आणि प्रत्यक्ष औषधातल्या चुका १२.७ टक्क्यांनी वाढत होत्या. काही देशांत यावर तोडगा म्हणून औषधं देताना ‘मध्ये बोलू नका’ असं लिहिलेलं जॅकेट घालतात. आपल्या वॉर्डात ते जॅकेट वाचून झाल्यावरही कुणीतरी विचारणारच, ‘सिस्टर, एक्स-रे कुठं काढायचा?’ तेव्हा जॅकेटपेक्षा वॉर्डात एक मदतनीस वाढवणं बरं.

चूक झाली की पुढे काय होतं? टेनेसीमधल्या नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट रुग्णालयात डिसेंबर २०१७ मध्ये ७५ वर्षांच्या एका बाईला स्कॅनआधी भीती कमी व्हावी म्हणून व्हर्सेड, म्हणजे मिडाझोलम द्यायचं होतं. रॅडोंडा वॉट या परिचारिकेनं औषधं देणाऱ्या यंत्रात नावाची पहिली दोन अक्षरं टाकली. औषध मिळेना, तेव्हा तिनं सुरक्षेची पायरी ओलांडून जे दिसलं ते काढलं. ते होतं व्हेक्युरोनियम, सगळे स्नायू लुळे पाडणारं औषध. मिडाझोलम द्रवच असतं. व्हेक्युरोनियम पावडर असते, ती विरघळवावी लागते, आणि टोपणावर इशारा छापलेला असतो. प्रत्येक पायरीवर थांबण्याची संधी होती. बाई वारली. वॉटनं चूक स्वतः सांगितली. २०२२च्या मार्चमध्ये ती फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरली आणि मे महिन्यात तिला तीन वर्षांची प्रोबेशनची शिक्षा झाली. त्यावर तिथल्या परिचारिका रस्त्यावर उतरल्या. त्यांचा मुद्दा असा की चूक सांगणारीलाच गुन्हेगार केलं तर उद्या कुणी सांगणार नाही. २०२४ मध्ये केंटकी राज्यानं उपचारातल्या चुकांसाठी फौजदारी कारवाईपासून आरोग्यसेवकांना संरक्षण देणारा कायदा केला.

आपण उलट्या दिशेला आहोत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणानं मृत्यू घडवण्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाला उपचार करताना असं घडलं तर दोन वर्षांपर्यंत. ‘वैद्यकीय व्यावसायिक’ कोण, ते कलमातच सांगितलं आहे: नॅशनल मेडिकल कमिशन कायद्याखालची पदवी आणि वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेला. परिचारिकेचं नाव नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीत असतं. फोनवर ‘अर्धी द्या’ म्हणणाऱ्यासाठी दोन आणि ती अर्धी देणाऱ्या हातासाठी पाच, असा याचा सरळ अर्थ निघतो. हे कायदा करणाऱ्यांच्या लक्षात आलं नाही की आलं, मला ठाऊक नाही. पण कुठल्याही नर्सिंग कॉलेजात हे कलम फळ्यावर लिहिलं, तर तोंडी ऑर्डर परत वाचून दाखवण्याचा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही. ‘सर, आठवर सावंत आजोबा आहेत, फ्युरोसेमाइड २० मिलिग्रॅम, शिरेतून, बरोबर?’ आणि सकाळी सही.

या सगळ्यातून विद्यार्थिनी फक्त घाबरायला शिकली तर ते शिक्षण फसलं. औषध कळलेली परिचारिका काय करू शकते, हे पाहायचं तर प्रसूतीच्या खोलीत मॅग्नेशियम सल्फेट पाहावं. गरोदरपणात रक्तदाब चढून झटके येतात, त्याला एक्लॅम्प्सिया म्हणतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीत ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक स्त्रिया होत्या, भारतातल्याही. झटक्यांचा धोका मॅग्नेशियम सल्फेटनं निम्म्यावर आला. औषध स्वस्त. दोन मिलीची अँप्यूल, ५० टक्के द्रावण, एक ग्रॅम. टेक्सासच्या प्रिचर्डच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत पहिला डोस १४ ग्रॅमचा. चार ग्रॅम शिरेतून: चार अँप्यूलचे आठ मिली, त्यात बारा मिली पाणी, म्हणजे वीस मिली, हळूहळू. मग प्रत्येक नितंबात पाच-पाच ग्रॅम, खोलवर. चौदा अँप्यूल फोडायच्या, मोजायच्या, आणि मोजलेल्या दुसऱ्या कुणाला दाखवायच्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात शिरेतून देण्याची सोय नसेल तर एएनएम स्नायूतले दहा ग्रॅम देऊन बाईला पुढे पाठवू शकते. आपल्या बायकांचं वजन टेक्सासच्या बायकांइतकं नसतं, हे ध्यानात घेऊन सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई यांनी कमी मात्रेची पद्धत मांडली. तीही आपल्याकडे चर्चेत आणि वापरात राहिली आहे. म्हणून आपल्या रुग्णालयात कोणती पद्धत चालते, हे रुजू होण्याच्या पहिल्याच दिवशी विचारून ठेवावं.

मूळ पद्धतीत पुढे दर चार तासांनी पाच ग्रॅम. प्रत्येक वेळी सुई उचलण्याआधी तीन गोष्टी पाहायच्या. गुडघ्यावर हातोडीनं हलकं मारून पाय उसळतो का. श्वास मिनिटाला किमान १६ आहेत का. लघवी ताशी किमान ३० मिली होते का. मॅग्नेशियम मूत्रपिंडातून बाहेर पडतं, लघवी कमी झाली की ते रक्तात साठतं. साठलं की आधी गुडघ्याची उसळी जाते आणि त्यानंतर श्वास. म्हणजे तपासायला हातोडी, घड्याळ आणि लघवीची पिशवी पुरते, आणि रक्ताच्या रिपोर्टची वाट पाहावी लागत नाही. कॅल्शियम ग्लुकोनेटची दहा मिलीची अँप्यूल उशाशी तयार ठेवायची, तो उतारा आहे. तीनपैकी एक गोष्ट जरी चुकली, तरी डोस द्यायचा नाही. केस पेपरवर ‘चार तासांनी’ लिहिलेलं असतं, सही वरिष्ठांची असते, आणि पहाटे तीन वाजता लेबर रूममध्ये निर्णय घेणारी एकटी तीच असते. डोस रोखला की तिथेच लिहायचं: वेळ, गुडघ्याची प्रतिक्रिया नाही, श्वास १२, गेल्या चार तासांत लघवी ६० मिली, डोस रोखला, डॉक्टरांना ३.१० ला कळवलं, त्यांनी काय सांगितलं. आणि ते येईपर्यंत ऑक्सिजन लावून, श्वास मोजत तिथेच उभं राहायचं.